कडा कापताना

“अंगठा राहिलाय, बाबा,” सून म्हणाली.

तिच्या खांद्यावर बाळ नुकतंच पेंगायला लागलं होतं, म्हणून ती हळू बोलत होती आणि कॉम्प्युटरकडे हनुवटीनंच दाखवत होती. फोटोकाकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. पडद्यावर एका मुलाचं चित्र होतं. डोंगर, दोन डोंगरांच्या मध्ये सूर्य, खाली घर, आणि जिथून नदी निघते तिथे कुणाच्या तरी आईचा अंगठा. नखाशी पीठ सुकलेलं.

“हा नेमका नदीवर बसलाय. कापला तर नदीचं तोंडच जाईल.”

“मग?”

“जाऊ दे. नदी काय, कुठूनही निघते,” असं म्हणून काकांनी माउस सरकवला आणि अंगठा गेला.

स्पर्धा वाचनालयाची होती. हॉलचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं, म्हणून तिथल्या बाईंनी यंदा सगळा कारभार फोनवर आणला होता. मुलांनी घरी चित्र काढायचं, आईबापांनी त्याचा फोटो वाचनालयाच्या नंबरवर पाठवायचा आणि परीक्षकांनी आपापल्या घरी बसून तो बघायचा. विषय होता ‘आमचं घर’. आसपास औषधालाही डोंगर नव्हता, तरी निम्म्या पोरांनी घरामागे डोंगर उभे केले होते.

फोटो एकेक नमुनेदार होते. कुणी पंख्याच्या सावलीत काढलेला, कुणी उलटा. एकात मांजराची शेपटी, एकात चित्रापेक्षा बापाची पोटरी मोठी. बाईंची सक्त ताकीद होती की परीक्षकांपुढे नुसती चित्रं यावीत. नाव नको, घरही दिसायला नको. एका सुट्टीत त्यांनी अशीच छोटी स्पर्धा घेऊन पाहिली होती, तेव्हा त्यांचं त्यांनाच जाणवलं होतं की चकचकीत टेबलावर ठेवलेलं चित्र जरा जास्त आवडतंय आणि फाटक्या चटईवरचं जरा कमी. “टेबलाला मार्क मिळतात हो काका,” त्या म्हणाल्या होत्या. “तुम्ही कडा साफ करून द्या. कागद तेवढा राहू दे.”

कडा साफ करण्यातच काकांचा जन्म गेला होता. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा एका खोलीचा स्टुडिओ. पांढरा पडदा, फिरतं स्टूल, छत्रीचे दोन दिवे, आणि टेबलावर लांब पात्याचा कटर. लोक एकतर ओळखपत्रासाठी फोटो काढायला यायचे, नाहीतर घरातलं कुणी गेलं म्हणजे यायचे. गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो कधी म्हणून सापडत नाही. मग कुठल्यातरी घोळक्यातला फोटो आणायचा आणि त्यातून तेवढं माणूस मोठं करून मागायचं. काका त्याच्या खांद्यावरचा परका हात पुसायचे, कानाशी आलेलं दुसऱ्याचं डोकं पुसायचे, मागच्या खुर्च्या घालवायचे. घरचीच माणसं मग विचारायची, हा कधी काढला होता? “माणूस ठेवायचा, बाकीचं उडवायचं,” काका म्हणायचे. त्यांना या कामाचा अभिमान होता.

बायको गेली तेव्हा त्यांच्यावरही तीच वेळ आली. एवढ्या लोकांचे फोटो काढणाऱ्याच्या घरात तिचा एकटीचा एक नव्हता. कुठल्याशा समारंभातल्या घोळक्यातून त्यांनी तिला वेगळं काढलं आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलं. फोटोत ती डावीकडे मान वळवून हसत होती, अगदी दात दिसेपर्यंत. स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक हटकून विचारायचं, “काकू कुणाकडे बघून हसतायत?” काकांचं उत्तर ठरलेलं. “गिऱ्हाइकाकडे.”

अशा या काकांना यंदा बाईंनी परीक्षक केलं होतं. चित्रकलेचे निवृत्त सर आणि बाई, दोघंच असले की मतं समसमान पडायची, तिसरं कुणीतरी हवं होतं. इतकी वर्षं बक्षीस समारंभात काका व्यासपीठाखाली गुडघे टेकून फोटो काढायचे. वरच्या खुर्च्या इतरांच्या. सुनेला त्यांनी ही बातमी अशी सांगितली, जणू काही दूधवाला उद्या उशिरा येणार आहे. पण निळा शर्ट घेऊन ते कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीकडे गेले आणि म्हणाले, “जरा नीट कर. व्हिडिओवर बसायचंय. परीक्षक आहे.”

“माझ्या पोरीनंही पाठवलंय चित्र,” इस्त्रीवाली म्हणाली.

“असेल. पण कुणाचं कुठलं ते आम्हाला कळतच नाही. सगळं साफ होऊन येतं,” काका म्हणाले. साफ करणारेही तेच, हे सांगायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

बाळ खांद्यावरून बाकड्यावर गेलं, बाकड्यावरून पुन्हा खांद्यावर आलं, तोवर निम्मी चित्रं हातावेगळी झाली होती. पुढचा फोटो बराच उंचावरून काढलेला होता. चित्राचा कागद त्यात एका कोपऱ्यात एवढासा दिसत होता. बाकी नुसती फरशी, फरशीवर खडूच्या रेघोट्या, खाटेचा पाय, टोकाला चपलांचा जोड. “इतक्या वरून कशाला काढतात?” काका पुटपुटले. लहान मूल असलं की फरशी ही अशीच असते. त्यांनी चौकट ओढून कागदाच्या चार कडांवर बरोबर बसवली, तिरका कागद सरळ केला, उजेड वाढवला. एक छोटं घर वर आलं. दार उघडं, दारातून निघालेला रस्ता, आणि तो कागदाच्या खालच्या कडेशी तुटलेला.

“छान आहे की,” सून म्हणाली.

“रस्ता अर्धा सोडलाय,” काका म्हणाले आणि पुढचा फोटो उघडला.

परीक्षण दुपारी झालं. काकांनी कमरेच्या वर इस्त्रीचा शर्ट घातला आणि कमरेखाली घरातलीच पँट ठेवली, कारण वरचं तेवढंच दिसणार होतं. सर बोलायचे तेव्हा त्यांचं नुसतं कपाळ दिसायचं. बाईंनी ठरवलं होतं की बक्षीस तिघांनाच असलं तरी प्रत्येक मुलाला एकेक ओळ अभिप्राय द्यायचा. पोरांनी मेहनत केलीय, नुसतं ‘सहभागाबद्दल आभार’ म्हणून वाटेला लावायचं नाही. पहिली तीन चित्रं ठरली. मग ओळी लिहायला सुरुवात झाली. रस्त्याचं चित्र आलं तेव्हा सर म्हणाले की घराचा हात चांगला आहे, पण पोरांना शेवटी कंटाळा येतो. काकांनी घसा साफ केला.

“असं लिहू या का? ‘घर सुंदर. रस्ता मध्येच सोडला आहे. हाती घेतलेलं काम पूर्ण करावं.’”

“वा,” सर म्हणाले. “तुम्ही तर शिक्षकच झालात की.”

बाईंनी ती ओळ जशीच्या तशी टिपली. काका दिवसभर खुशीत होते. सरांचं वाक्य त्यांनी सुनेला जेवताना एकदा सांगितलं आणि भांडी विसळताना पुन्हा एकदा. तिनं दोन्ही वेळा नव्यानं ऐकल्यासारखं केलं.

निकाल लागल्यानंतर इस्त्रीवाली मुलीला घेऊन स्टुडिओत आली. शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. मुलगी वयाच्या मानानं इतकी लहानखुरी की सगळे तिला बटण म्हणायचे. स्टुलावर बसल्यावर तिचे पाय लोंबकळत राहिले. तिनं सगळी खोली एकदा बघून घेतली आणि भिंतीवर नजर थांबवली.

“ही आजी कुणाकडे बघून हसते?”

“गिऱ्हाइकाकडे.”

बटणानं विचार केला. “पण मी तर इकडे आहे. ती तिकडे बघतेय.”

सून हसली. काकाही हसले, कारण आजवर हे कुणी म्हटलं नव्हतं.

मग बटणानं दप्तरातून गुंडाळलेला कागद काढला. “हे तुम्हीच पाठवता ना स्पर्धावाल्यांना? मी आता पूर्ण केलंय.”

“अगं, झाली ती स्पर्धा,” आई म्हणाली. काकांकडे वळून म्हणाली, “ऐकतच नाही. बरोबर घेऊन आली.”

काकांनी कागद टेबलावर उलगडला. तेच घर, तेच उघडं दार. रस्ता दारातून निघून कागदाच्या कडेशी थांबला होता, आणि तिथे काळी जाड रेघ ओढून तो बंद केला होता. घराच्या छपरावर एक ट्रक कसाबसा कोंबला होता. मागची चाकं धुराड्याला टेकलेली.

“ट्रक छपरावर का गं?” सुनेनं विचारलं.

“खाली जागाच नाही ना. रस्ता कागदावरच संपवायचा असतो.”

“असं कुणी सांगितलं?”

“मोबाइलवर आलं.” बटणानं पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं, “हाती घेतलेलं काम पूर्ण करावं.”

काका कॅमेऱ्याचा पट्टा नीट करत होते. तो नीटच होता.

“आणि आधी ट्रक कुठे होता?” सून म्हणाली.

“दारात. आमच्या खऱ्या दारात. रस्ता कागदावरून खाली उतरून गेला होता.”

मग आईनं सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता, दुकानात कपड्यांच्या घड्या घालताना बोलावं तसं बोलली. बटणाचे बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात. येतात कधी महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी. घर काढून झालं आणि कागद संपला, तशी पोरगी खडू घेऊन फरशीवर उतरली. खाटेच्या पायाला वळसा, बादलीला वळसा, असा रस्ता नेत नेत उंबरठ्यापर्यंत गेली आणि तिथे बाबांचा ट्रक काढला. बाबांनी दार उघडलं की पायाशी आपली गाडी दिसायला हवी. त्यांनी गाडीत बसायचं आणि रस्त्यानं सरळ घरात यायचं. सगळं चित्र मावावं म्हणून आई स्टुलावर चढून फोटो काढून बसली.

“फरशी पुसू देत नव्हती हो. आम्ही आपले घरात उड्या मारत फिरायचो. मग तो निकालाचा मेसेज आला आणि हिनं स्वतःच ओलं फडकं घेतलं. मी म्हटलं, राहू दे. तर म्हणते, अर्धवट आहे ते.”

“बाबांनी बघितलं होतं?” सुनेनं विचारलं.

“कुठलं. अजून आलेलेच नाहीत.”

“फोटो असेल ना तुमच्याकडे?”

“फोन भरला म्हणून उडवला. म्हटलं, तिकडे पोचलाय तर आपल्याला कशाला ठेवायचा? मला वाटलं, जमिनीवरचं चालत नसेल त्यांना.”

काका कॅमेऱ्यामागे गेले आणि म्हणाले, “हनुवटी जरा वर घे, बाळा.” बटणानं हनुवटी इतकी वर घेतली की नाकपुड्या दिसायला लागल्या. दुसऱ्यांदा फोटो नीट आला. त्यांनी तो छापला, कटरखाली घालून चारही बाजूंनी कापला आणि पाकिटात घालून दिला. दोघी गेल्या. बाकड्यावर ट्रकचं चित्र तसंच राहिलं होतं.

“सांगायचं होतंत ना तिला,” सून म्हणाली.

“हो.”

“मग?”

“नाही जमलं.” काका कॉम्प्युटरसमोर बसले. “काम झालं की मूळ फोटो मी उडवतो. सवय आहे.”

“तुम्ही उडवता. मी नाही उडवत. बाईंनी माझ्याच फोनवर पाठवले होते.” बाळाला दुसऱ्या कडेवर घेऊन तिनं मोकळ्या हातानं दोनतीनदा टकटक केलं. तिच्या फोनमध्ये बाळाच्या एकेका जांभईचे पाचपाच फोटो होते आणि त्यावरून घरात तिला रोज बोलणी बसायची.

फोटो उघडला. आता काकांनी तो पाहिला. कागदाच्या कडेशी रस्ता तुटत नव्हताच. मेणखडूची रेघ जिथे संपत होती तिथून पांढऱ्या खडूची सुरू होत होती, मध्ये फट नव्हती. रस्ता खाटेला वळसा घालून बादलीकडे गेला होता, तिथे एका फरशीवर वळणाची पाटीही होती. उंबरठ्यापाशी ट्रक. खिडकीत मिशा असलेला चेहरा. ट्रकच्या शेजारी खऱ्या पुरुषी चपला ठेवल्या होत्या, ज्यांना काकांनी अडगळ समजून उडवलं होतं. सगळ्यात खाली स्टुलाचा कोपरा आणि त्यावर आईच्या पायाचा अंगठा.

त्यांनी बाईंना फोन लावला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं, पण निकाल जाहीर झालेला, तिन्ही मुलांच्या घरी आनंद झालेला, आता काही हलवणं बरं दिसणार नाही असं त्या म्हणाल्या. त्या बटणाला गोड शब्दांत दुसरी ओळ पाठवतील. काकांनी पोरीला रंगांची पेटी नेऊन द्यावी. आणि ती ओळ कुणाची, कडा कुणी कापल्या, हे चारचौघांत कशाला? परीक्षक म्हणून काकांचं पहिलंच वर्ष. लोक पुढच्या वेळी म्हणतील, यांना बसवू नका.

“म्हणतील,” काका म्हणाले.

सरांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांनी स्वतःच उलटा फोन केला. नियमात कागदाचा आकार दिलेला आहे. जमिनीवरचं धरायचं म्हटलं तर उद्या भिंती धराव्या लागतील, परवा कुणाची गाडी. तेव्हा कापलं ते योग्यच झालं, काकांनी मनाला लावून घेऊ नये.

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे काकांना जास्तच अवघड झालं. चूक नियमाची असती तर बरं झालं असतं.

बक्षीस समारंभ रविवारी सकाळी फोनवरच होता. निळा शर्ट इस्त्रीला टाकायचं काकांना धाडस झालं नाही. त्यांनी तो हातानं झटकून घातला. पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत घरं उघडली. इथं कुणी कडा कापल्या नव्हत्या. कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे, कुणाकडे आजोबा दात घासत होते. एका चौकोनात छताचा पंखा आणि खाली बटणाचं अर्धं कपाळ. बक्षिसं झाली, टाळ्या झाल्या. बाई म्हणाल्या, परीक्षकांनी दोन शब्द बोलावेत.

सर बोलले. मग काका बोलायला लागले. आयुष्यात कधी चारचौघांत बोललेले नव्हते, त्यामुळे त्यांनी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. कापणं म्हणजे काय, इतकी वर्षं काय केलं, माणूस कुठे संपतो हे आपल्याला कळतं असं कसं वाटत गेलं. बोलता बोलता घाम आला. बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

“काका,” बाई म्हणाल्या, “आवाज बंद आहे तुमचा.”

दोनचार चौकोन हसले. सुनेनं मागून हात घालून माइक सुरू केला. पहिल्यांदा बोलायलाच एवढी ताकद लागली होती, आता सगळं पुन्हा जुळवणं काही जमेना.

“बटण,” ते एवढंच म्हणाले, “तुझा रस्ता पूर्ण होता. मी कापला. आणि ती ओळसुद्धा माझीच होती. ती चुकीची आहे.”

सुनेनं मूळ फोटो पडद्यावर आणला. कुणीतरी फोन डोळ्यांजवळ नेला असावा, कारण एका चौकोनात नुसती भुवई दिसायला लागली. बटणाचं कपाळ खाली गेलं, मग वर आलं, मग पूर्ण चेहरा आला.

“सगळ्यांना दिसतोय माझा ट्रक?”

“दिसतोय,” काका म्हणाले.

“वळणाची पाटी?”

“तीपण.”

“नियमात बसत नाही,” सर म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, समारंभ संपत आला असताना त्यांचा आवाज आला, “पण खाटेचं वळण चांगलं घेतलंय.”

निकाल होता तोच राहिला. दुपारी काकांनी तो फोटो छापायला घेतला, दोन प्रती. एक इस्त्रीवालीकडे द्यायला, तिच्या नवऱ्याला दाखवण्यासाठी. एक स्वतःला. फोटो उंच होता, नेहमीच्या कुठल्याच मापात बसेना, म्हणून रोलच्या कागदावर काढावा लागला. छापून आल्यावर चारही बाजूंनी पांढरी पट्टी राहिली होती. हात सवयीनं कटरच्या मुठीवर गेला. काकांनी पातं वर उचललं, जरा वेळ तसंच धरलं आणि कागद बाजूला घेतला.

“त्या फोटोचा मूळ तुझ्याकडे नसेल,” त्यांनी भिंतीकडे मान करून सुनेला विचारलं.

“आईंचा? मी तेव्हा या घरात कुठे होते, बाबा?”

खरंच होतं. मूळ फोटो कुणाकडून आणला होता आणि कुणाला परत दिला, काकांना आठवेना. आपल्या निगेटिव्ह त्यांनी कधीच काढून टाकल्या होत्या. डावीकडे एक खांदा होता, एवढं आठवत होतं. तो पुसायला दोन दिवस लागले होते, म्हणून आठवत होतं. खांदा कुणाचा ते नाही.

बटणाचा रस्ता लावायला भिंतीवर एकच जागा मोकळी होती, बायकोच्या फोटोच्या डावीकडे. त्यांनी चार टाचण्यांनी तो तिथे लावला. पांढऱ्या पट्टीसकट, स्टुलाच्या कोपऱ्यासकट, आईच्या अंगठ्यासकट.

दुसऱ्या दिवशी शटर वर केल्यावर झाडू मारताना त्यांचं लक्ष गेलं. ती तिकडेच बघत होती.

पहिलं गिऱ्हाईक बँकेतला एक जण होता, बदलीच्या कागदांसाठी फोटो हवा असलेला. तो स्टुलावर बसला, केसांवरून हात फिरवला आणि भिंतीकडे बघून म्हणाला, “काकू कुणाकडे बघून हसतायत?”

“होतं कुणीतरी,” काका म्हणाले. “मी कापलं त्यात गेलं.”

काकांनी छत्रीचा दिवा थोडा वळवला.

“हनुवटी जरा वर घ्या.”